इंग्रजी स्लँग कळावं कसं आणि बोलावं किती

प्रश्न उदगीरच्या एका मुलाचा आहे. बी.कॉम. झालाय, पुण्यात घरगुती उपकरणांच्या वॉरंटीचे कॉल घेतो, ग्राहक सगळे अमेरिकेतले. तो लिहितो: "मॅडम, व्याकरण पक्कं आहे, मेल लिहायला अडचण नाही. पण फोनवर माणूस मोकळेपणानं बोलायला लागला की मी गळपटतो. एका ग्राहकाला विचारलं, लिंक पाठवू का? तो म्हणाला, 'आय ॲम गुड.' मी लिंक पाठवली, तर चिडला. क्वालिटीवाल्या सरांनी शेऱ्यात 'यू किल्ड इट' लिहिलं, माझी झोप उडाली. मला स्लँगची, म्हणजे असल्या मोकळ्या बोलीतल्या शब्दांची, यादी द्या अर्थासकट, आणि मी स्वतः किती वापरू तेही सांगा."

मी लातूरला बोलायचं इंग्रजी शिकवते. त्याआधी पुण्यात कॉल घेणाऱ्या पोरापोरींना तयार करायचं काम करत होते, त्यामुळं हा प्रश्न माझ्या रोजच्या ओळखीचा आहे. आधी तुझ्या दोन गोष्टी मिटवते. काही देऊ केल्यावर समोरचा 'आय ॲम गुड' म्हणाला तर त्याचा अर्थ 'नको, राहू द्या.' आणि 'यू किल्ड इट' म्हणजे 'कमाल केलीस.' तुझं कौतुक झालंय, निवांत झोप.

यादी मात्र मी देणार नाही, कारण यादीनं तुझं काम होणार नाही. यादीत शब्दासमोर अर्थ असतो. तो शब्द कोण बोलतं, कोणाला बोलतं, कुठल्या देशात आणि कुठल्या वयात बोलतं, हे यादीत नसतं, आणि स्लँगमध्ये खरी माहिती तीच असते. पाठ केलेली पोरं दोन्हीकडून फसतात. ऐकताना ओळखत नाहीत, आणि बोलताना नको तिथं वापरतात.

'गुड'चंच बघ. 'हाऊ आर यू?'ला 'आय ॲम गुड' म्हणजे बरं आहे. 'वुड यू लाइक मी टू सेंड द लिंक?'ला तेच वाक्य म्हणजे नको. तू 'सॉरी फॉर द वेट' म्हणालास आणि ग्राहक 'यू आर गुड' म्हणाला, तर त्याचा अर्थ 'माफी कशाला, चालतंय.' भांडण मिटल्यावर कुणी 'वी गुड?' विचारलं तर त्याला म्हणायचंय, 'आता मनात काही नाही ना?' शब्द एकच आणि सोपा, शब्दकोश उघडायची कुणाला गरजही वाटणार नाही. अर्थ ठरतो तो आधीच्या वाक्यावर. म्हणून ऐकताना शब्द पकडण्याआधी आपण नेमकं काय विचारलं होतं ते डोक्यात धरून ठेवायचं.

आता तुझ्याच कामातला एक कॉल घेऊ. असं बोलणं तुला आठवड्यातून कितीदा तरी ऐकू येत असेल:

"लुक, द आइस मेकर्स बीन ॲक्टिंग अप फॉर वीक्स, अँड नाऊ इट्स टोस्ट. यू गाइज कीप गिव्हिंग मी द रनअराउंड. आय ॲम नॉट शेलिंग आउट अनदर टू हंड्रेड बक्स. आय फील लाइक आय गॉट रिप्ड ऑफ."

'ॲक्टिंग अप' म्हणजे खोड्या करायला लागणं. लेकरू हट्टाला पेटलं तरी म्हणतात, यंत्र मधेच चालून मधेच थांबायला लागलं तरी म्हणतात. तुझ्यासाठी ही नुसती तक्रार नाही, बिघाडाची माहिती आहे. आधी बिघाड अधूनमधून होता. 'इट्स टोस्ट' म्हणजे आता पूर्ण संपलं. या घरातले आणखी शब्द सापडतील: 'इट्स शॉट', 'इट कॉन्क्ड आउट', 'इट डाइड ऑन मी'. 'फ्राइड' म्हटलं तर बहुतेक वेळा विजेचा भाग जळाल्याची शंका त्यात असते, 'द बोर्ड्स फ्राइड' असं येईल. 'ऑन द फ्रिट्झ' मात्र बहुतेक वेळा धड चालत नाही आणि धड बंदही नाही अशा अवस्थेला म्हणतात. तुझ्या स्क्रीनवर 'बंद' आणि 'अधूनमधून बंद' असे दोन वेगळे पर्याय असतील, तर कुठला निवडायचा ते या शब्दांवरून ठरेल.

'गिव्हिंग मी द रनअराउंड' म्हणजे खेटे मारायला लावणं. या टेबलावरून त्या टेबलावर. हे ऐकलं की पहिली गोष्ट, जुन्या कॉलची नोंद उघड. माणूस आधी फोन करून बसलाय, ते त्यानं तुला सांगितलंय, फक्त सरळ शब्दांत नाही सांगितलं. त्याला पुन्हा पहिल्यापासून हकीकत विचारलीस तर तेच रनअराउंड तू त्याला अजून एकदा दिलंस.

'शेल आउट'मध्ये नाखुशी आहे. आपण 'पदरचे पैसे घालणार नाही' म्हणतो, तो सूर. 'पे' म्हटलं असतं तर नाखुशी गेली असती.

'रिप्ड ऑफ' म्हणजे चुना लावला, टोपी घातली. इथं जरा सांभाळ. नवीन पोरं सहानुभूती दाखवायच्या नादात ग्राहकाचाच शब्द उचलतात, 'आय ॲम सॉरी यू गॉट रिप्ड ऑफ.' याचा अर्थ कंपनीनं फसवलं हे तू कबूल केलंस, आणि कॉल रेकॉर्ड होतोय. त्याची भावना घे, शब्द घेऊ नकोस. 'आय अंडरस्टँड व्हाय धिस इज फ्रस्ट्रेटिंग' एवढं पुरतं. मग लगेच, 'सो द आइस मेकर हॅज स्टॉप्ड कम्प्लीटली, इज दॅट राइट?' यानं त्याला कळतं की तू समजून घेतलंस, आणि तुझा अंदाज चुकला असेल तर तो स्वतः दुरुस्त करतो.

कुठलाही शब्द अडला तर हीच रीत. 'व्हॉट?' म्हणायचं नाही, उगाच 'येस सर, येस सर' तर अजिबात नाही. जेवढं कळलं तेवढं आपल्या साध्या इंग्रजीत त्याच्यापुढं ठेवायचं. मी बघितलेल्या चांगल्या एजंटांपैकी बहुतेकांना स्लँग फार येत नव्हतं, पण हे एक वाक्य त्यांच्या तोंडात कायम तयार असायचं.

रागाची पायरीही ओळखता आली पाहिजे. 'दॅट्स अ बमर' म्हणणारा माणूस हिरमुसलाय, चिडलेला नाही. 'फेड अप' म्हणजे वैतागलाय. 'टिक्ड ऑफ' म्हणजे चिडलाय. 'पिस्ड ऑफ' म्हणजे चांगलाच तापलाय, आणि शब्दही असभ्यतेकडं झुकलेला. त्याच्यापुढं 'एफ'वाला शब्द येतो. तो तुझ्यावर आला की परिस्थितीवर आला, हे ऐकायला शिक. 'दिस एफिंग मशीन' म्हणजे राग फ्रिजवर आहे, तुझ्यावर नाही. अशा वेळी आवाज खाली ठेवून काम चालू ठेवायचं. शिवी थेट तुला असेल तर तुमच्याकडं त्यासाठी ठरलेला नियम असेलच, तो पाळ.

आता एक गोष्ट जी बहुतेकांना कुणी सांगत नाही. तुला जे स्लँग वाटतं त्यातलं निम्मं स्लँग नसतंच. ते साधं इंग्रजी असतं, फक्त भरभर बोललेलं. 'डिड यू ईट'चं 'डिजीट' होतं, 'व्हॉट आर यू डूइंग'चं 'व्हॉचा डूइन', 'लेट मी'चं 'लेमी', 'डोन्ट नो'चं 'डनो', 'गोइंग टू'चं 'गॉना'. आपण 'काय करायला आहेस'चं 'काय करायलास' करतो, आणि घाईत 'काय करलास'. पुण्याचा माणूस पहिल्यांदा लातूर स्टँडवर ऐकतो तेव्हा त्यालाही ती वेगळी भाषा वाटते. शब्द त्याचेच असतात, सांधे गळालेले असतात. त्यामुळं तुझा पहिला महिना स्लँगवर घालवू नकोस, या सांध्यांवर घालव. एखादी छोटी मुलाखत घे, जिचा लिखित मजकूर सोबत आहे. एक मिनिटाचा तुकडा आधी न वाचता ऐक, लिहून काढ, मग मजकुराशी ताडून बघ. बघशील तर सुटलेल्या शब्दांत नवे शब्द थोडेच असतील. 'ऑफ', 'टू', 'हॅव', 'देम' असलेच बारीक शब्द गळालेले दिसतील.

'किल्ड इट'कडं परत येते, कारण तिथं एक मोठी जात आहे. वाईट शब्दानं चांगलं बोलायचं. 'सिक', 'इन्सेन', 'किलर', 'वाइल्ड'. आपणही 'खतरनाक बोलला गडी' म्हणतो आणि 'बेक्कार हसलो' म्हणतो, तेव्हा कुणी घाबरत नाही. 'शट अप!' आणि 'गेट आउट!' हे दोन्ही आश्चर्याचे उद्गारही असतात, 'काय सांगतोस!' या अर्थानं. ओळखायची खूण सूर. खालच्या, सपाट सुरात आलं तर खरंच गप्प बस म्हणतोय. वर चढत हसत आलं तर नवल करतोय. पण सगळेच वाईट शब्द उलटे फिरत नाहीत. 'इट सक्स' म्हणजे वाईटच. 'बॉम्ब'चा तर घोळच आहे. अमेरिकेत 'द शो बॉम्ब्ड' म्हणजे सपशेल पडला, 'द शो वॉज द बॉम्ब' म्हणजे फार भारी. एका 'द'नं काम उलटं होतं. आणि इंग्लंडमध्ये 'इट वेंट डाउन अ बॉम्ब' म्हणजे जोरात चाललं.

यावरून देशादेशाच्या फरकाकडं येऊ. उद्या तुझी प्रोसेस, म्हणजे ज्या देशाचे कॉल घेतोस ते काम, बदलून ब्रिटन किंवा ऑस्ट्रेलियाची झाली तर अमेरिकेचं शिकलेलं बरंच आडवं येईल. 'पिस्ड' अमेरिकेत रागावलेला, ब्रिटनमध्ये प्यालेला. 'पँट्स' अमेरिकेत विजार, ब्रिटनमध्ये आतला कपडा, आणि शिवाय 'दॅट्स पँट्स' म्हणजे भिकार. 'थाँग्ज' ऑस्ट्रेलियात साध्या रबरी चपला, बाकी ठिकाणी अंतर्वस्त्र. 'रबर' आपण शाळेत खोडायला मागायचो, ब्रिटनमध्ये चालतं. अमेरिकेत त्याचा अर्थ कंडोम, तिथं 'इरेझर' म्हणायचं. 'नॉक्ड अप' जुन्या ब्रिटिश बोलीत दार वाजवून उठवलं, अमेरिकेत पोटुशी केली. 'फॅग' ब्रिटनमध्ये सिगारेट, आणि अमेरिकेत समलिंगी पुरुषांना दिली जाणारी अत्यंत हीन शिवी. हा शब्द कुठल्याच अर्थानं तोंडात घेऊ नकोस.

हे फक्त आपल्यासारख्या परक्यांना जड जातं असं समजू नकोस. 'स्पाझ' हा शब्द अमेरिकेत पुष्कळ जण 'भान सुटणं' एवढ्याच हलक्या अर्थानं वापरत. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात तो सेरेब्रल पाल्सी असलेल्या माणसांना हिणवणारा शब्द आहे. २०२२ मध्ये लिझो आणि बियॉन्से या दोन अमेरिकन गायिकांनी, लोकांनी आक्षेप घेतल्यावर, आपापल्या गाण्यातून तो काढला. इंग्रजी ज्यांची जन्मभाषा, जगभर ऐकल्या जाणाऱ्या गायिका, त्यांनाही समुद्रापलीकडचा अर्थ आधी लागला नाही.

लंडनच्या पूर्व भागातली यमकांची बोली तुला कामाला फारशी लागणार नाही, पण ऐकलीस तर गोंधळू नयेस म्हणून सांगते. 'स्टेअर्स'शी यमक जुळतं म्हणून जिन्याला 'ॲपल्स अँड पेअर्स', फोनला 'डॉग अँड बोन'. मग गंमत अशी की यमकाचा तुकडाच गाळतात. 'बुचर्स हुक' म्हणजे 'लुक', पण बोलताना नुसतं 'हॅव अ बुचर्स'. 'पोर्क पाइज' म्हणजे 'लाइज', बोलताना 'पोर्कीज'. डोक्याला 'लोफ ऑफ ब्रेड', म्हणून 'यूज युअर लोफ' म्हणजे जरा डोकं चालव. ही बोली एकोणिसाव्या शतकातली आहे आणि यातले काही शब्द आता साऱ्या ब्रिटनमध्ये चालतात.

पैशांचे शब्द मात्र पाठच कर, कारण तुझं काम बिलाशी आहे. 'बक' म्हणजे डॉलर. 'ग्रँड' म्हणजे हजार, आणि त्याला 'एस' लागत नाही, 'फाइव्ह ग्रँड'. ब्रिटनमध्ये 'क्विड' म्हणजे पौंड, त्यालाही 'एस' नाही, 'टेन क्विड'. 'फायव्हर' पाचाची नोट, 'टेनर' दहाची. 'निकल' पाच सेंट, 'डाइम' दहा, 'क्वार्टर' पंचवीस. आणि 'यू आर निकल-अँड-डायमिंग मी' म्हणजे बारीकसारीक आकार लावून लावून मला लुटायलात. 'रिप-ऑफ'सारखाच हाही रागाचा शब्द.

ऑफिसातल्या अमेरिकन माणसांशी बोलणं झालं तर बेसबॉल आडवा येईल. 'बॉलपार्क फिगर' म्हणजे अंदाजे आकडा. 'टच बेस' म्हणजे थोडक्यात बोलून घेणं. 'आउट ऑफ लेफ्ट फील्ड' म्हणजे कुठून तरी भलतंच, अनपेक्षित. 'रेन चेक' मला विशेष आवडतो. पावसानं सामना धुऊन गेला की प्रेक्षकाला दुसऱ्या दिवशीच्या सामन्यासाठी चिठ्ठी मिळायची. ही पद्धत १८८०च्या दशकातली. आज 'कॅन आय टेक अ रेन चेक?' म्हणजे आत्ता नाही जमणार, पुन्हा कधीतरी. हा सभ्य नकार आहे, तारीख मागायला जाऊ नकोस. आणि 'ईओडी', म्हणजे 'एंड ऑफ डे', लिहून आलं तर कुणाच्या दिवसाचा शेवट ते विचारून घे. न्यू यॉर्कचे संध्याकाळचे पाच म्हणजे आपल्याकडं उन्हाळ्यात रात्रीचे अडीच, हिवाळ्यात साडेतीन.

रीलमधलं जे स्लँग तुझ्या वयाची पोरं एकमेकांना पाठवतात, त्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे. समजून घे, कॉलवर आणू नकोस. 'नो कॅप' म्हणजे फेकत नाही, खरं सांगतोय. 'मिड' म्हणजे सुमार. 'बेट' म्हणजे ठरलं, हो. 'सॉल्टी' म्हणजे मनाला लावून घेतलेला, कुढणारा. 'सस' म्हणजे संशयास्पद. २०२० मध्ये 'अमंग अस' या खेळामुळं जगभर पसरला. 'रिझ' म्हणजे समोरच्याला भुरळ घालायची हातोटी, 'कॅरिझ्मा'मधून आलेला. ऑक्सफर्डनं २०२३ चा वर्षाचा शब्द म्हणून निवडला. 'डेलुलू' म्हणजे स्वतःच्या स्वप्नरंजनात हरवलेलं. २०२५ मध्ये केंब्रिजच्या शब्दकोशात गेला. शब्दकोशात गेला म्हणून तो सगळीकडं चालतो असं नाही. हे शब्द वयाचे आहेत. साठीतल्या ग्राहकाला 'नो कॅप' म्हटलंस तर त्याला कळणार नाही, आणि विशीतल्या ग्राहकाला वॉरंटीवाल्या माणसाच्या तोंडी ते नकोसं वाटेल.

शिवाय यातले बरेच शब्द कुठून आले ते माहीत असावं. 'वोक' (अन्यायाबद्दल जागा असलेला), 'लिट' (झकास), 'नो कॅप', 'सॉल्टी', जुना 'कूल'सुद्धा, हे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांच्या बोलीतून आणि संगीतातून आलेत. 'स्ले' (कमाल करणं), 'शेड' (टोमणा), 'स्पिल द टी' (आतली बातमी सांगणं) हे न्यू यॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-तृतीयपंथी लोकांच्या बॉलरूम मेळ्यांतून, म्हणजे नटूनथटून नाचायच्या स्पर्धांतून. ज्या बोलीला शाळेत आणि नोकरीत अशुद्ध म्हणून हिणवलं गेलं, तिच्यातलेच शब्द पुढं बाजारानं उचलले. मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपल्या 'करायलाव' आणि 'लई'ला पुण्या-मुंबईत हसलेलं आपण ऐकलंय. म्हणून त्या लोकांचा उच्चार, त्यांची लकब उचलून नक्कल करू नये. शब्द समजला, एवढं पुरे.

आणि सगळं स्लँग चार दिवसांचं असतं असंही नाही. 'ओके' बघ. १८३९ च्या २३ मार्चला बोस्टनमधल्या एका वर्तमानपत्रात तो छापून आला, 'ऑल करेक्ट'चं मुद्दाम चुकीचं स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरं घ्यायची त्या काळची टूम होती. तसल्या कितीतरी टुमा मेल्या. ओके उरला, आणि आज आपल्या आज्ज्याही म्हणतात.

इथंच एक आडवळण घेते, कारण ते आपल्या मातीतलं आहे. ब्रिटिश माणूस 'ही हॅज गॉन डूलाली' म्हणाला तर त्याचा अर्थ डोकं फिरलंय. हे डूलाली म्हणजे नाशिकजवळची देवळाली. तिथल्या लष्करी छावणीत मायदेशी जाणारे गोरे शिपाई बोटीची वाट बघत पडून राहायचे, उन्हानं, तापानं, रिकामपणानं भ्रमिष्ट व्हायचे. पूर्ण शब्द होता 'डूलाली टॅप', आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. 'हॅव अ डेको' मधला डेको 'देखो'तून, 'कुशी जॉब' म्हणजे आरामाची नोकरी, त्यातला कुशी 'खुशी'तून, 'ब्लायटी' म्हणजे इंग्लंड, 'विलायती'तून, आणि 'पका' म्हणजे अस्सल, आपला पक्का. तेव्हा इंग्रजी स्लँग म्हणजे दुसऱ्याच्या घरात चोरून शिरतोय अशी भावना ठेवू नकोस. त्या घरात आपलंही सामान आहे.

आता तू स्वतः किती वापरायचं. तू उदगीरचा आहेस म्हणजे हे तुला खरं तर येतं. घरात मराठी, बाजारात दखनी, बिदरकडचे पाहुणे आले की थोडी कानडी. मित्राला 'क्या बे' म्हणतोस, त्याच्या वडिलांना म्हणत नाहीस. 'हौ' आणि 'नक्को' कुठं चालतं आणि कॉलेजच्या मुलाखतीत का चालत नाही, हे तुला कुणी यादी देऊन शिकवलं नाही. ऐकून, लोकांचे चेहरे बघून कळलं. इंग्रजीतही क्रम तोच आहे. आधी बराच काळ ऐकणं, मग थोडं बोलणं.

कॉलवर ग्राहकाशी एवढं बिनधास्त वापर: 'गॉट इट', 'शुअर थिंग', 'नो प्रॉब्लेम', 'यू बेट'. हे मैत्रीचे आहेत, उद्धट नाहीत. यातही एक पथ्य: चिडलेल्या माणसाला 'नो प्रॉब्लेम' म्हणू नकोस, प्रॉब्लेम आहे म्हणूनच त्यानं फोन केलाय. सहकाऱ्यांशी 'हेड्स-अप' म्हणजे आगाऊ सूचना, 'माय बॅड' म्हणजे माझं चुकलं. पण 'माय बॅड' छोट्या चुकीला. चुकीची फाइल जोडली गेली तर 'माय बॅड'; ग्राहकाचे पैसे अडकले तर 'आय अपॉलॉजाइझ', दुसरं काही नाही. 'ड्यूड', 'ब्रो', 'बडी' ग्राहकाला कधीच नाही, त्यानं तुला म्हटलं तरी नाही. तो तुला 'मॅन' म्हणाला तर ते त्याचं मोकळेपण आहे, तुला तसंच बोलायचं निमंत्रण नाही. स्त्री ग्राहक 'हन' किंवा 'स्वीटी' म्हणाली, तर त्यात काही समजून घेऊ नकोस. अमेरिकेच्या दक्षिण भागात दुकानदारबाईही गिऱ्हाइकाला तसंच म्हणते, आपल्याकडं भाजीवाली मावशी 'राजा' म्हणते तसं.

याच्या उलट बाजूकडं कुणी लक्षच देत नाही, ती म्हणजे आपण नकळत बोलतो ते भारतीय स्लँग. 'आय पास्ड आउट इन ट्वेंटी ट्वेंटी-फोर' म्हटलंस तर अमेरिकन माणसाला तू चक्कर येऊन पडल्याचं ऐकू येईल. 'आय ग्रॅज्युएटेड' म्हण. 'मगिंग अप', म्हणजे घोकंपट्टी, ब्रिटिश वळणाचं आहे. अमेरिकेत 'मगिंग' म्हणजे रस्त्यात अडवून लुटणं. 'आय हॅव अ डाउट' म्हटलं की ग्राहकाला वाटतं तुझा त्याच्यावर विश्वास नाही. 'आय हॅव अ क्वेश्चन' म्हण. 'डू द नीडफुल', 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन' त्यांना कळत नाहीत किंवा जुनाट वाटतात. यात कमीपणा काही नाही, आपल्या देशात हे शब्द खुशाल चालू देत. फक्त कॉलवर बाजूला ठेव. माझ्या मते तुझ्यासारख्याला स्लँग शिकण्यापेक्षा या शब्दांची सफाई जास्त लवकर फळ देईल.

अभ्यासाबद्दल शेवटचं. इंटरनेटवरची अर्बन डिक्शनरी तू वापरत असशील. ती साइट १९९९ पासून आहे आणि तिथं कुणीही काहीही लिहू शकतं. खूपसे अर्थ थट्टेचे किंवा अश्लील असतात. एखाद्या नव्या शब्दाचा अंदाज घ्यायला उघड, पण तिथला अर्थ दुसरीकडं ताडल्याशिवाय मानू नकोस. मेरियम-वेब्स्टरच्या साइटवर शब्दासमोर बारीक अक्षरांत 'इन्फॉर्मल', 'स्लँग', 'व्हल्गर', 'ऑफेन्सिव्ह', 'चीफली ब्रिटिश' असे शिक्के असतात. पोरं अर्थ वाचतात, शिक्का वाचत नाहीत. तू आधी शिक्का वाच. शब्द किती जुना आहे हे बघायचं असेल तर जोनाथन ग्रीन यांचा स्लँगचा कोश इंटरनेटवर फुकट आहे. ऐकायला बीबीसी लर्निंग इंग्लिशचे 'द इंग्लिश वी स्पीक' हे छोटे भाग चांगले, पण ते ब्रिटिश वळणाचे आहेत हे लक्षात ठेव.

वही ठेवणार असशील तर शब्द आणि अर्थ अशा दोन रकान्यांची नको. ग्राहक काय बोलला ते पूर्ण वाक्य लिही. त्याखाली तो साधारण कुठल्या वयाचा आणि कुठल्या राज्यातला होता, चिडलेला होता की हसत होता, आणि तू काय उत्तर दिल्यावर तो काय म्हणाला, ते लिही. रात्रपाळी संपल्यावर कॅबमध्ये बसून त्या दिवसाची दोनच वाक्यं लिहिलीस तरी चालेल. तीन वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून एखादा शब्द सारख्याच प्रसंगी ऐकू आला की तो तुझ्या वापरात यायला तयार झाला असं समज. तोवर तो वहीतच राहू दे.